शेवटच्या भागाचं पाणी

जगभर गाजलेल्या त्या अंतराळातल्या मालिकेचा शेवट आमच्या घरात सगळ्यात आधी माझ्या आईने पाहिला. आईला इंग्रजी येत नाही आणि अंतराळाशी तिचं काही देणंघेणं नाही. त्या रात्री तिचे गुडघे दुखत होते, एवढीच तिची पात्रता. मी मात्र दोन उन्हाळे त्या शेवटासाठी जीव टाकत होतो, आणि ऐन वेळी मी कुठे होतो ते या लेखात शेवटी कळेलच. (घाई करू नका. मी केली होती.)

आमचं गाव लातूर आणि नांदेडच्या मधे आहे. नाव सांगत नाही. लातूरला गेलं की आम्हाला नांदेडकडचे समजतात आणि नांदेडला गेलं की लातूरकडचे. म्हणून आम्हाला आमचा स्वतःचा जिल्हा हवा आहे. दर उन्हाळ्यात आमच्याकडे दोन अफवा उठतात : पाणी येणार आणि जिल्हा होणार. दोन्ही एकाच पानटपरीवरून सुटतात आणि दोन्ही बसस्टँडपर्यंत जाऊन विरतात.

त्या वर्षी दुष्काळ असा होता की लातूरला पाणी रेल्वेने आलं. आमच्या गल्लीला त्याचा चक्क हेवा वाटला! आमच्याकडे अंघोळीला एक तांब्या मिळायचा. त्यातला अर्धा अंगावर घ्यायचा आणि अर्धा मनातल्या मनात. पाणीवाटपासाठी गावाचे सात भाग पाडले होते, आणि आमची गल्ली सातव्या भागात. गल्लीला एका थोर पुरुषाचं नाव आहे, पण ते फक्त पाटीवर. लोक आम्हाला 'शेवटचा भाग' म्हणतात. "कुठं राहता?" "शेवटच्या भागात." "अरेरे!" एवढा संवाद ठरलेला.

पाणी येण्याआधी नळ हवा सोडतो. फुस्स्स! हा आवाज आला की आमच्याकडे माणूस जेवत असेल तर ताट सोडून आणि भांडत असेल तर भांडण सोडून मोरीकडे पळतो. गल्लीतल्या एका नवरदेवाला हळद लागत असताना हा आवाज झाला, तर बायका त्याला एकाच गालावर पिवळा ठेवून पसार झाल्या. दुसरा गाल दुपारी पाणी भरून झाल्यावर रंगवला.

आता मालिकेकडे वळतो. ती मला दिली माझ्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या, सुरेखाच्या, धाकट्या भावाने, प्रशांतने. तो नांदेडला असतो आणि जगात जे जे चांगलं निघतं ते आधी पाहून मग आमच्यावर उपकार म्हणून पाठवतो. एका हार्डडिस्कमध्ये अख्खी मालिका भरून त्याने दिली होती. पृथ्वी नासली म्हणून एक भलंमोठं जहाज झोपलेली माणसं घेऊन नव्या ग्रहाकडे निघतं. पोचतं का? पोचलं तर दार उघडल्यावर बाहेर श्वास घेता येतो का? एवढ्यावर जगातली शहाणी माणसं वर्षानुवर्षं वाद घालत होती. मी बघायला बसलो की कधी नळ यायचा, कधी पाहुणे यायचे, कधी निवडणुकीची ड्युटी लागायची. माझी गती पाहता जहाज पोचलं असतं, मी पोचलो नसतो.

प्रशांत दर फोनला छळायचा.

"दाजी, बघितला का शेवट?"

"न्हाई अजून."

"सांगू का? शेवटी ते एक वाक्य बोलतंय बगा, सगळ्या मालिकेचं उत्तर त्या एका वाक्यात हाय. ते म्हनतंय—"

"प्रशांत! फोन ठेव!"

"आवो आंगावर काटा येतो, दाजी!"

हा प्रशांत हार्डडिस्क परत न्यायला दुसऱ्या दिवशी येणार होता. प्रत्यक्ष समोर बसल्यावर त्याचं तोंड कोण धरणार? तेव्हा आजच शेवट पाहायचा, असं ठरवून मी ऑफिसातून घरी फोन लावला. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर आहे. माझ्या हातात फक्त एक शिक्का आहे, पण गल्लीला वाटतं सरकार मला विचारल्याशिवाय शिंकत नाही. म्हणून सगळे मला 'साहेब' म्हणतात. मीही आजवर कुणाला अडवलेलं नाही.

फोन आईने उचलला.

"आई, सुरेखाला सांग, आज शेवटचा भाग हाय."

"आज?"

"हाव, आजच. आठला चालू."

"आरं, परवा तर पयला भाग झाला म्हनलास की."

हे खरं होतं. मालिकेच्या अखेरच्या पर्वाचा पहिला भाग मी परवाच पाहिला होता. (त्याच दिवशी गावाच्या पहिल्या भागाला पाणी सुटलं होतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.)

"हाव, पयला परवाच झाला. मधले समदे मी हितं ऑफिसात बसून उरकून टाकले."

"तू उरकलास?"

"मंग! कुणाला सांगू नको."

"मागल्या बारीसारखं फुकाट न्हाई ना व्हायचं?"

"पक्कं हाय. माझ्याच हातात हाय ते. तास-दीड तास चालंल. तवर घरातली समदी कामं उरकून ठिवा."

"गल्लीत सांगू का?" आईने दबक्या आवाजात विचारलं.

मला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. "सांग की! खुशाल सांग! भोंगा लावून सांग!"

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. नवं पाणी येणार म्हटलं की घरातलं साठवलेलं पाणी त्या क्षणी 'शिळं' होतं. हंडे रिकामे करून, घासून ठेवावे लागतात. नाहीतर नव्या पाण्याने जायचं कुठे? सुकाळात हे शिळं पाणी झाडाला जातं. दुष्काळात ते कोणी फेकत नाही, पण ते जपून ठेवण्याचं कारणही उरत नाही. मग महिनोन् महिने अडलेली कामं एका दुपारी निघतात. आणि त्या दुपारी तर साक्षात सरकारी कचेरीतून, साहेबाच्या आईमार्फत बातमी आली होती!

संध्याकाळी मी गल्लीत शिरलो तो थबकलोच. प्रत्येक कंपाउंडवर ओल्या वाकळा टाकलेल्या, त्यांतून पाणी ठिबकत होतं. पोरं तेल लावून, भांग पाडून, ओळखू येणार नाहीत इतकी स्वच्छ! दारोदार सडे. शेजारच्या गयाबाई मोकळे ओले केस पाठीवर टाकून उंबऱ्यात बसल्या होत्या. एरवी मला पाहून त्या म्हशीला चारा घालायला आत जातात. त्या दिवशी उठून उभ्या राहिल्या.

"या साहेब! लई मोठं काम केलं बगा तुमी!"

मी मनात म्हटलं, एक मालिका पुरी बघायचं ठरवलं तर बायामाणसांनासुद्धा कौतुक! "काय करता गयाबाई," मी नम्रपणे म्हणालो, "कधीतरी शेवट गाठायलाच पाहिजे ना."

"गाठला बगा! समद्यांचा गाठला!"

घरी पोचलो तर मोरीत दोन बादल्या भरून ठेवलेल्या. गरम पाणी! दोन! मी काही विचारलं नाही. दुष्काळात नवऱ्याने भरलेल्या बादलीला प्रश्न विचारू नयेत. मी असा न्हालो की साबणाला आपलं काम आठवलं. वर सुरेखा बाहेरून म्हणते, "आजून एक घ्या की! आज काय कमी हाय का आपल्याला?" तिसरीही घेतली. आमच्या घरातलं शेवटचं पाणी मी गाणं म्हणत संपवलं. गल्लीला मी बुडवलं खरं. पण स्वतःलाही सोडलं नव्हतं, हे माझ्या बाजूने नमूद व्हावं.

टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर दारात मास्तर. निवृत्त मुख्याध्यापक आणि गावच्या जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष. गावात कुत्रं भुंकलं तरी त्यात ते नव्या जिल्ह्याची चाहूल ऐकतात.

"साहेब," ते माझ्या कानाशी आले, "शेवटचा भाग. आज. असा अचानक! ह्याच्यामागं काहीतरी मोठं आहे. बरोबर ना?"

मास्तरांनाही मालिकेची आवड आहे, हे मला नवीन होतं. "लई मोठं आहे, मास्तर. साऱ्या जगाला मालूम झालंय, आपण तेवढे मागे राहिलो."

"मग आता जाहीर कधी?"

"उद्या नांदेडहून माणूस येतोय ना, त्याला सगळं ठाऊक आहे. पण मी त्याला बोलू देणार नाही."

"नको, नको! वेळेआधी बोलू देऊच नका!" मास्तरांचे डोळे पाणावले. माझा ओला हात दाबून ते तरातरा निघून गेले. (ते कुठे गेले ते मला नंतर समजलं. पेढ्यांची आणि हाराची ऑर्डर द्यायला.)

आठला मी खोलीत लॅपटॉप मांडून, हेडफोन लावून बसलो. जहाज नव्या ग्रहावर उतरलं होतं. कप्तान दारापाशी चालला होता. इतक्यात कुणीतरी हेडफोन ओढला. सुरेखा होती, कमरेवर घागर घेऊन.

"कुठं हाय?"

"काय कुठं हाय?"

"पानी! नऊ वाजून गेले की. गल्ली समदी नळाला पाइप लावून बसलीय."

"पाणी? आज? आपली पाळी तर अजून आठवड्याने हाय."

सुरेखाने घागर खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावरून मला एकेक गोष्ट उमजू लागली : वाकळा, सडे, गयाबाईंचे केस, आणि माझ्या तीन बादल्या.

"तुमीच फोनवर सांगितलं न्हवं, आज शेवटचा भाग म्हनून?"

"अगं, हा शेवटचा भाग!" मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. कप्तान बिचारा दाराशी हात नेऊन थांबला होता.

सुरेखा त्याच्याकडे बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "भायेर चला. आन् हे तुमीच सांगा."

बाहेर अख्खी गल्ली. हंडे, कळशा, ड्रम, तेलाचे डबे, पोरांच्या हातात तांबेसुद्धा! मी पायरीवर उभा राहिलो आणि मालिका, पर्व, भाग हे सगळं नीट समजावून सांगितलं. इतकं शांत ऐकून घेणारं माणूस मला आयुष्यात भेटलेलं नाही.

अखेर गयाबाई बोलल्या. "म्हंजी आमी पाच वाकळा टीव्हीपायी धुतल्या?"

"तसं नाही गयाबाई..."

"मंग कसं?"

तसंच होतं. माझ्या एका फोनवर विश्वासून बावीस-पंचवीस घरांनी आपलं होतं नव्हतं ते पाणी संपवलं होतं, आणि पाळीला आठवडा होता. त्या पायरीवर मला खरंच लाज वाटली. 'साहेब' म्हणवून घेताना बरं वाटत होतं, तेव्हाच कुणालातरी अडवायला हवं होतं. मी खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर प्रशांतला लावला.

"प्रशांत, उद्या येताना पाणी घेऊन ये."

"बाटली का, दाजी?"

"टँकर."

पलीकडून घाबऱ्या आवाजात, "दाजी, शेवट एवढा मनाला लागला का?"

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याकडे त्याच्या मित्राची बोअर आणि टँकर आहे. मी विनवण्या केल्या, सुरेखाने फोन हिसकावून माहेरच्या आवाजात चार शब्द सुनावले, आणि सकाळी टँकर यायचं ठरलं. प्रश्न रात्रीच्या पिण्याचा होता. तो मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, सोडवला. त्यांचा सरकारवर आणि माझ्यावर सारखाच अविश्वास असल्यामुळे त्यांनी दोन घागरी झाकून ठेवल्या होत्या. त्यातून घरटी एकेक तांब्या निघाला. माझ्या घराच्या तांब्याची पाळी आली तेव्हा काकू म्हणाल्या, "साहेब, आंघुळीला न्हाई बरं का!" तेव्हा गल्ली पहिल्यांदा हसली आणि माझा जीव भांड्यात पडला. भांडं अर्थात रिकामं होतं.

आता सगळे घरी जातील असं मला वाटलं. गयाबाईंनी हंडा पालथा घातला आणि त्यावर बसल्या.

"लावा मंग."

"काय?"

"त्योच भाग. बगू तरी, कशापायी आमचं पानी गेलं!"

बघता बघता हंडे पालथे झाले. लॅपटॉप खिडकीत आला, त्याला जोडलेली हार्डडिस्क खाली ओट्यावर. कुणीतरी लग्नात वाजवायचा भलामोठा स्पीकर आणून जोडला. आईला पुढे खुर्ची दिली. मालिकेत खाली अक्षरं येत नव्हती, त्यामुळे मी खिडकीपाशी उभा राहून इंग्रजीचं मराठी करत होतो.

"ही माणसं झोपून का राहिली?" गयाबाईंनी विचारलं.

"प्रवास लांबचा आहे. झोपलं की पाणी लागत नाही, अन्न लागत नाही."

"मंग आमाला बी झोपवा की पावसाळ्यापस्तोर!"

मास्तर हाराच्या चिंतेत होते. "नवा ग्रह सापडतोय, साहेब," ते उसासून म्हणाले, "नवा जिल्हा सापडंना."

पण हळूहळू टोमणे थांबले. कप्तान दारापाशी आला तेव्हा अख्खी गल्ली हंड्यांवर पुढे झुकली. गयाबाईंनी शेजारणीचा हात धरला. मी भाषांतर विसरलो. बाहेर हवा आहे की नाही? कप्तानाने कळ दाबली. आणि दार उघडताना त्या प्रचंड स्पीकरमधून आवाज आला :

फुस्स्स्स्स!

"नळ!!" कोण ओरडलं माहीत नाही. पुढच्या क्षणी हंडे उलथे-पालथे, पाइप पायात, आणि सगळी गल्ली आपापल्या मोरीकडे! आवाज कुठून आला हे त्या गर्दीत एकाच माणसाला ठाऊक असायला हवं होतं, ते म्हणजे मी. मीच सगळ्यांच्या पुढे होतो. मोरीच्या दारात सुरेखाची आणि माझी टाळकी आपटली, मी कळशी नळाखाली धरली, चावी पूर्ण फिरवली. नळातून एक मुंगी बाहेर आली.

अंगणात परत आलो तर पडद्यावर पांढरी नावं सरकत होती आणि समोर एकटी आई डोळ्याला पदर लावून बसलेली.

"आई! काय झालं?"

"झालं की. संपलं."

"अगं, पण काय झालं?"

"दार उघडलं, समदे भायेर आले. एक मानूस वर बगून कायतरी बोललं. लई ग्वाड बोललं."

"काय बोललं?"

"मला काय इंग्रजी येतंय? तूच सांगत व्हतास आन् तूच पळालास!"

मी मागे नेऊन पुन्हा लावायला हात घातला. तेवढ्यात दुसऱ्यांदा फसलेल्या गयाबाई परतल्या आणि त्यांनी हंडा रागाने ओट्यावर आदळला. तो उसळला, घरंगळला आणि बरोबर हार्डडिस्कवर पडला. तिने दोनदा टक्-टक् केलं आणि ती कायमची गप्प झाली.

सकाळी टँकर आला. पुढे ड्रायव्हरशेजारी प्रशांत. 'नांदेडचा माणूस' म्हणून मास्तरांनी त्याला उतरायच्या आत हार घातला, कारण हार परत घेत नाहीत. पेढेही वाटले. भारावलेला प्रशांत मला म्हणाला, "दाजी, तुमच्या गल्लीत मेव्हण्याला लई मान हाय! बरं, शेवट पाहिला ना? काय ते वाक्य! ते म्हनतंय—" आणि टँकरपुढे रांगेत उभी असलेली गल्ली एका आवाजात ओरडली, "नको!!" पाणी गेलं ते गेलं, शेवट तरी आम्ही स्वतः बघू, असं बहुधा त्यांचं म्हणणं होतं.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. नळ दिवसाआड यायला लागला. जिल्हा काही झाला नाही. मास्तर आहेत अजून आशेवर. प्रशांतने कुरकुरत नवी हार्डडिस्क आणून दिली आणि एका रविवारी भरल्या पोटी, भरल्या टाकीनिशी मी शेवटचा भाग लावला. दार उघडलं. फुस्स्स! मी भानावर आलो तेव्हा मोरीत होतो. पुन्हा लावला. पुन्हा मोरीत. शरीराला एकदा लागलेली सवय डोक्याचं ऐकत नाही.

शेवटी मी युक्ती केली. आवाज पूर्ण बंद केला आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. दार मुकाट्याने उघडलं. मी जागचा हललो नाही! माणसं बाहेर आली, उजेडात उभी राहिली. कप्तानाने वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. त्याने ओठ हलवले, जगाच्या अंगावर काटा आणणारं ते वाक्य तो बोलला, आणि मालिका संपली. एकदाचा मी शेवट पाहिला!

शेजारी आई बसली होती. "आता तरी सांग," ती म्हणाली, "काय म्हनला त्यो?"

मी म्हटलं, थांब, आवाज लावून ऐकवतो. जरासं मागे नेलं. आवाज मोठा केला. पण घाईत बोट जरा जास्तच मागे गेलं असावं. कारण कप्तान आतल्या खोलीत ते वाक्य बोलून मोकळा झाला, तेव्हा मी मोरीत भरलेल्या हंड्याशेजारी दुसरा रिकामा हंडा घेऊन बंद नळाखाली उभा होतो.